एचपीव्ही डीएनए टेस्ट: नमुना देण्याआधी काय ठरवायचं, रिपोर्ट आल्यावर काय करायचं

एचपीव्ही डीएनए टेस्ट कॅन्सर शोधत नाही, विषाणू शोधते. एवढं एक वाक्य नीट कळलं तरी पुढचा निम्मा गोंधळ टळतो. ते कळलेलं नसतं म्हणून रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरात रडारड सुरू होते. ज्या बाईला महिनाभर संबंधांनंतर रक्त जातंय, ती मात्र ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट दाखवून निवांत बसते. पहिलीला कॅन्सर असण्याची शक्यता कमी आहे. दुसरीने आजच ओपीडीत जायला हवं.

हा लेख ही टेस्ट पहिल्यांदाच करून घेणाऱ्या बाईसाठी आहे. तिला सोबत घेऊन जाणारी मुलगी, सून किंवा आशाताई असेल तर तिच्यासाठीही.

थोडी पार्श्वभूमी लागेल. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड. तिथे होणाऱ्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस असतो. जर्मनीतले शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींत या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार सापडले. त्या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार २०० हून जास्त आहेत, पण कॅन्सरच्या दृष्टीने घातक म्हणजे ‘हाय रिस्क’ साधारण १४. त्यातही १६ आणि १८ या दोघांवरच जगातल्या ७० टक्के केसेसचं खापर फुटतं.

शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतो. बहुतेकांच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. थोड्या बायकांमध्ये तो ठाण मांडतो. त्यांच्या पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडत जातात आणि कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढी लांब मुदत फार थोडे कॅन्सर देतात. टेस्टचा सगळा फायदा या मुदतीत आहे.

आणि फायदा किती, हे आपल्याच मराठवाड्यात मोजलं गेलंय. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवमधल्या, ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर हा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. एका गटाची एचपीव्ही टेस्ट झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्याची व्हीआयए (अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी बघणं), चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. टेस्ट प्रत्येकीची एकदाच. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातले या कॅन्सरचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली तपासणी म्हणून हीच टेस्ट सुचवते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी हा एक.

पायरी १: ही टेस्ट तुमच्यासाठी आहे का, ते आधी बघा

संबंधांनंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग, दुर्गंधी येणारं लालसर पाणी अंगावरून जाणं, ओटीपोटात किंवा कंबरेत न थांबणारं दुखणं. यातलं काहीही असेल तर या टेस्टच्या रांगेत उभं राहू नका. ही स्क्रीनिंगची टेस्ट आहे, म्हणजे तक्रार नसलेल्या बायकांसाठी. तक्रार असेल तर डॉक्टरांनी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) घालून पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघायला हवं आणि संशयास्पद काही दिसलं तर तिथला तुकडा काढून बायोप्सीला पाठवायला हवा. कॅन्सर आहे की नाही हे बायोप्सी ठरवते, विषाणूची टेस्ट नाही. काही थोड्या कॅन्सरमध्ये हा विषाणू सापडतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

तक्रार नसेल तर वय बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० व्या वर्षापासून सुरुवात आणि दर ५ ते १० वर्षांनी एकदा. इतकंही जमणार नसेल तर निदान ३५ च्या आत एकदा आणि ४५ च्या आत एकदा. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना हा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून त्यांच्यासाठी २५ व्या वर्षापासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी.

पंचविशीतल्या मुलीची ही टेस्ट हौसेने करून घेऊ नका. त्या वयात विषाणू सापडणं अगदी सर्रास असतं आणि तो बहुतेक वेळा निघूनही जातो. हाती लागतं ते फक्त टेन्शन. लग्न ठरताना ‘हेल्थ पॅकेज’मध्ये ही टेस्ट घुसवणाऱ्या लॅबना तर सरळ नाही म्हणा.

पिशवी काढलेली असेल तर? आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. बीडच्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या पिशव्या तिशी-पस्तिशीतच काढल्या गेल्याच्या बातम्यांनी २०१९ मध्ये राज्य हादरलं होतं. पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं असेल आणि ऑपरेशन कॅन्सरसाठी किंवा त्याआधीच्या बिघाडासाठी झालेलं नसेल, तर या टेस्टची गरज नाही. तोंड ठेवलं असेल तर गरज आहे. पण अनेकींना नेमकं काय काढलं ते कोणी सांगितलेलंच नसतं. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. ते नसेल तर डॉक्टर एकदा आतून तपासून सांगू शकतात.

लस घेतलेल्यांनाही पुढे ३० व्या वर्षी टेस्ट करायचीच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे, बाकीचे हाय रिस्क प्रकार उरतातच.

पायरी २: पॉझिटिव्ह आली तर कुठे जाणार, हे नमुना देण्याआधी ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. शिबिर होतं, मंडप पडतो, फोटो निघतात, नमुने जातात. महिन्याभराने मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि पुढे काय, हे ना बाईला माहीत असतं ना तिच्या घरच्यांना. कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्राने पिशवीचं तोंड बघणं, जिल्ह्याच्या ठिकाणी, दिवस बुधवारचा, त्या दिवशी रोजंदारी बुडणार, सोबत यायला कोणी नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटातल्या साड्यांखाली जातो. टेस्ट कितीही भारी असली तरी त्या बाईच्या बाबतीत ती झाली काय अन् न झाली काय, सारखीच.

म्हणून नमुना देण्याआधी तीन प्रश्न विचारा. रिपोर्ट कधी आणि कोण देणार? पॉझिटिव्ह आला तर कॉल्पोस्कोपी कोणत्या हॉस्पिटलात, आठवड्यात कोणत्या वारी? आणि उपचार लागले तर ते तिथेच होतील का, की आणखी पुढे पाठवणार? शिबिर घेणाऱ्यांकडे उत्तरं नसतील तर माझं मत विचाराल तर घाई करू नका. जिथे उत्तरं मिळतील अशा ठिकाणी टेस्ट करा, भले महिनाभर उशीर होईना. स्क्रीनिंगमध्ये महिन्याने काही बिघडत नाही.

आशाताईंनी आपल्या डायरीत पॉझिटिव्ह आलेल्यांचं वेगळं पान ठेवावं. नाव, मोबाइल, कॉल्पोस्कोपीची तारीख, आणि ‘जाऊन आली’ याची खूण.

पायरी ३: नेमकी कोणती टेस्ट, ते विचारून घ्या

लॅबमध्ये ‘एचपीव्ही’ या नावाखाली बरंच काही विकलं जातं. तुम्हाला हवी ती ‘हाय रिस्क एचपीव्ही डीएनए, जीनोटायपिंगसह’. जीनोटायपिंग म्हणजे १६ आणि १८ वेगळे सांगणं. ते का हवं, ते रिपोर्टच्या पायरीत येईल. लो रिस्क प्रकार शोधायला पैसे घालवू नका. ६ आणि ११ ने चामखिळी येतात, कॅन्सर नाही. एचपीव्हीची रक्ततपासणीही स्क्रीनिंगसाठी उपयोगाची नाही.

टेस्ट करण्याच्या पद्धती दोन-तीन आहेत. उस्मानाबादला वापरलेली ‘हायब्रिड कॅप्चर’ नमुन्यातल्या विषाणूच्या डीएनएला जोडी लावून त्यातून येणारा प्रकाश मोजते. आज बहुतेक ठिकाणी पीसीआर चालतं, म्हणजे कोरोनात घराघरात पोचलेलं तंत्र. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र टीबीसाठी अनेक सरकारी केंद्रांत आधीच पोचलंय आणि त्यावर एचपीव्हीची चिपही चालते. काही टेस्ट सगळे १४ प्रकार बघतात, काही मोजकेच. मोजके असले म्हणून टेस्ट टाकाऊ ठरत नाही. १६, १८, ३१, ३३, ३५, ४५, ५२, ५८ या आठांवरच ९० टक्क्यांहून जास्त केसेस येतात. फक्त आपल्या टेस्टमध्ये कोणते बघितले ते रिपोर्टवर लिहिलंय ना, एवढं पाहा.

सरकारी आरोग्य केंद्रात बहुधा व्हीआयए मिळेल. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी तीच ठेवलेली आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ अॅसिटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं. निकाल जागच्या जागी. डीएनए टेस्ट मिळत नसेल तर व्हीआयए नक्की करा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ती करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते.

पायरी ४: नमुना द्यायचा दिवस

पाळी चालू असताना जाऊ नका. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, आत ठेवायची गोळी किंवा क्रीम नको, आतून पाण्याने धुणं नको. बाळंतपण किंवा गर्भपात होऊन सहा आठवडे झाले नसतील तर थांबा. दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. तांबी बसवलेली असेल तर अडचण नाही. उपाशी राहायची गरज नाही. साडी किंवा घेरदार स्कर्ट-गाउन घातला तर टेबलावर संकोच कमी वाटतो.

टेबलावर गुडघे वाकवून, पाय फाकवून झोपायचं. सिस्टर किंवा डॉक्टर स्पेक्युलम आत घालून हळूच उघडतात. तेव्हा थंडगार लागतं, ताण जाणवतो. श्वास रोखला की स्नायू आवळतात आणि दुखतं. तोंडाने श्वास सोडत राहिलं की सैल पडतात. मग एक छोटा ब्रश पिशवीच्या तोंडाशी टेकवून फिरवतात आणि द्रव भरलेल्या बाटलीत बुडवतात. संपलं. दोनेक मिनिटांचं काम. नंतर दिवसभर एखादा डाग पडू शकतो. बाटलीवर तुमचंच नाव आणि वय चिकटवलंय ना, ते निघण्याआधी स्वतः वाचा. शिबिरात एका टेबलावर पन्नास बाटल्या असतात आणि प्रत्येक गावात दहा सुनीता.

स्पेक्युलमचीच भीती असेल तर स्वतः नमुना घ्यायची सोय विचारा. पाकिटात मऊ ब्रश किंवा कापसाचा बोळा लावलेली काडी असते. एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून ती योनीमार्गात अडेपर्यंत हळूच सरकवायची, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे काही वेळा गोल फिरवायची, बाहेर काढून नळीत घालायची. तोंडापर्यंत पोचली का, याची काळजी नको. पीसीआरवर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच चांगला ठरतो. फक्त या नमुन्यावर पुढची पेशींची तपासणी होत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर एकदा टेबलावर जावंच लागेल.

पायरी ५: रिपोर्ट वाचताना

*‘नॉट डिटेक्टेड’* म्हणजे विषाणू सापडला नाही. पुढची पाच वर्षं निर्धास्त राहा. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही निगेटिव्ह बायकांमध्ये पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह असलेल्यांच्या सुमारे पाव होतं. मधल्या काळात वर सांगितलेली एखादी तक्रार उद्भवली तर मात्र हा रिपोर्ट बाजूला ठेवून तपासून घ्यायचं.

*‘इनव्हॅलिड’* म्हणजे नमुन्यात पुरेशा पेशी आल्या नाहीत किंवा रक्त-चिकट्यामुळे यंत्राला वाचता आलं नाही. प्रत्येक नमुन्यात माणसाचं स्वतःचं एखादं जनुक सापडतं का, हेही यंत्र तपासतं. तेच सापडलं नाही तर निकाल देता येत नाही. पुन्हा नमुना द्या. घाबरण्यासारखं काही नाही.

*‘डिटेक्टेड’* आलं तर खाली प्रकार बघा. १६ किंवा १८ असेल तर सरळ कॉल्पोस्कोपी. ‘अदर हाय रिस्क’ असेल तर आधी पॅप किंवा व्हीआयए करतात आणि त्यात काही दिसलं तरच कॉल्पोस्कोपी. नाही दिसलं तर एक-दोन वर्षांनी टेस्ट पुन्हा. हा क्रम प्रत्येक हॉस्पिटलात थोडा वेगळा असतो आणि जीनोटायपिंग नसेल तर काही ठिकाणी प्रत्येक पॉझिटिव्ह बाईची थेट व्हीआयए करून त्याच दिवशी उपचार करतात. तेही मान्यताप्राप्तच आहे.

उस्मानाबादमध्ये दहात साधारण एक बाई पॉझिटिव्ह निघाली होती, आणि त्यातल्या बहुसंख्य बायकांना ना कॅन्सर होता ना त्याआधीचा बिघाड. कोरोनापासून लोक सीटी व्हॅल्यू विचारायला शिकलेत. इथे ती घेऊन बसू नका. नमुन्यात पेशी किती आल्या, त्यावरही ती हलते; आजार किती पुढे गेलाय हे तिच्यावरून ठरत नाही.

आता नाजूक भाग. रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न येतो, “हे आलं कुठून?” बोट सुनेकडे जातं, नाहीतर नवऱ्याकडे. विषाणू दहा-वीस वर्षं गुपचूप राहू शकतो. कोणाकडून कधी आला हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही, आणि या रिपोर्टवरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. नवऱ्याच्या टेस्टची गरज नाही; पुरुषांसाठी अशी नेहमीची स्क्रीनिंग टेस्ट नाहीच. समुपदेशन करणाऱ्याने हे बाईला एकटीला आधी सांगावं, मग ती म्हणेल तर घरच्यांसमोर.

विषाणू घालवणारं औषध अजून नाही. ‘एचपीव्ही क्लिअर’ करून देतो म्हणून महिन्याला हजारो रुपयांच्या गोळ्या, काढे, कॅप्सूल विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते कॉल्पोस्कोपीच्या गाडीभाड्याला ठेवा. तंबाखू, मिश्री, सिगारेट मात्र सोडा. तंबाखूने विषाणू टिकून राहायला मदत होते.

पायरी ६: कॉल्पोस्कोपी आणि पुढे

टेबल तेच, स्पेक्युलम तेच. दुर्बिणीसारखं यंत्र बाहेरच उभं असतं, आत काही जात नाही. अॅसिटिक अॅसिड लावल्यावर जरा चुरचुरतं. कधी आयोडीनही लावतात. निरोगी भाग त्याने तपकिरी होतो, बिघडलेला पिवळट राहतो. संशय आला तर चिमटा काढल्यासारखा छोटा तुकडा घेतात. दहा-पंधरा मिनिटांत मोकळं. एक-दोन दिवस पॅड लागू शकतं.

बायोप्सीच्या रिपोर्टवर सीआयएन १, २ किंवा ३ लिहिलेलं असेल तर तो कॅन्सर नव्हे, पेशींचा बिघाड आहे. १ बहुधा आपोआप बरा होतो, लक्ष ठेवतात. २ आणि ३ वर उपचार करतात. तापवलेल्या टोकाने तो भाग जाळणं, म्हणजे थर्मल अॅब्लेशन. गोठवणं, म्हणजे क्रायो. किंवा विजेच्या तारेने तेवढा भाग कापून काढणं, म्हणजे लीप. बहुतेक वेळा अॅडमिट व्हावं लागत नाही आणि पिशवी काढायची तर मुळीच गरज नसते. सीआयएनसाठी कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखं अंगावरून जातं. साधारण महिनाभर संबंध टाळा. ताप आला किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं तर लगेच परत जा.

बायोप्सीत कॅन्सर निघालाच तर लवकरच्या टप्प्यात तो बरा होणाऱ्यांपैकी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार त्याच दिवशी सोबत असू द्या, एक खेप वाचते.

बाकीच्या स्त्री-कॅन्सरचं काय?

योनीमार्गाच्या बहुतेक कॅन्सरमागे आणि बाह्य भागाच्या म्हणजे व्हल्वाच्या काही कॅन्सरमागे हाच विषाणू असतो. तिथे विषाणूची तपासणी काढलेल्या तुकड्यावर होते. पॅथॉलॉजिस्ट बहुधा पी१६ नावाचा रंग चढवून बघतात. त्यावरून विषाणूचा हात आहे का, याचा अंदाज येतो आणि कॅन्सर कोणत्या जातीचा ते ठरवायला मदत होते. अंडाशय आणि पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरशी एचपीव्हीचा संबंध नाही. त्यांच्यासाठी या टेस्टचा काडीचा उपयोग नाही.

उपचार झाल्यावर

बारा महिन्यांनी हीच डीएनए टेस्ट पुन्हा करायची असते, विषाणू गेला का ते बघायला. निगेटिव्ह आली की नेहमीच्या अंतराने पुढच्या टेस्ट. पॉझिटिव्ह राहिली तर पुन्हा कॉल्पोस्कोपी. बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो दोन्ही ठेवा, कारण पुढच्या डॉक्टरला आधी तोच लागतो. आणि त्या बारा महिन्यांत मोबाइल नंबर बदलला तर हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर नवा नंबर कळवा. बोलावण्याचा फोन जुन्याच नंबरवर वाजत राहतो.